रंग उडाला, घाण कुठे गेली?

धातूंच्या ऑक्साइडांनी पाणी शुद्ध करण्यावरचे प्रबंध चाळले की एक आलेख वारंवार भेटतो. भांड्यात डिस्टिल्ड वॉटर, त्यात लिटरला दहा-वीस मिलिग्रॅम मिथिलीन ब्लू, चिमूटभर टायटॅनियम डायऑक्साइड किंवा झिंक ऑक्साइड आणि वर दिवा. तास-दोन तासांत निळी रेघ खाली येते, पाणी नितळ दिसू लागते आणि निष्कर्षात लिहिले जाते की प्रदूषक नष्ट झाले. या संशोधनाला आपल्या भागाइतकी सोयीची जागा शोधून सापडणार नाही. सांगलीच्या विश्रामबागेत १९१९ पासूनचे विलिंग्डन महाविद्यालय आहे, १९४७ पासूनचे वालचंद अभियांत्रिकी आहे, कोल्हापुरात १९६२ पासूनचे शिवाजी विद्यापीठ आहे. आणि या दोन शहरांच्या मधोमध इचलकरंजी आहे, जिथल्या कापडाच्या प्रोसेस हाऊसचे रंगीत पाणी पंचगंगेला मिळत आले आहे. रोग शेजारी, वैद्यही शेजारी. तरीही प्रयोगशाळेतली पुडी नाल्यापर्यंत पोचली नाही. याचे खापर नेहमी सरकारी अनास्थेवर किंवा पैशांवर फोडले जाते. माझे म्हणणे वेगळे आहे. यातला बराचसा दोष त्या निळ्या रेघेचा आहे: आपण मोजले चुकीचे आणि म्हणून जागाही चुकीची निवडली.

मूलभूत गोष्टी वाचकांना ठाऊक असतीलच. टोकियोत फुजिशिमा आणि होंडा यांनी प्रकाशात ठेवलेल्या टायटॅनियम डायऑक्साइडने पाण्याचे विघटन होते हे १९७२ साली ‘नेचर’मध्ये मांडले, १९७७ मध्ये फ्रँक आणि बार्ड यांनी त्याच ऑक्साइडच्या पावडरीने पाण्यातले सायनाइड मोडून दाखवले, आणि मग जगभर या विषयाचा महापूर आला. शिवाजी विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागातले काम या पुरात उठून दिसते. तापवलेल्या काचेवर झिंक ॲसिटेटसारख्या क्षाराच्या द्रावणाचा बारीक फवारा मारायचा; काचेला टेकता टेकता द्रावण जळून जाते आणि मागे ऑक्साइडचा पातळ थर उरतो. अशा थरांवर सी. एच. भोसले, के. वाय. राजपुरे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षे काम केले. पावडर पाण्यात मिसळली की ती परत गाळून काढणे ही डोकेदुखी असते. थर काचेलाच चिकटलेला असल्याने ती वाचते, शिवाय त्याला विजेचा हलका दाब देऊन त्याची कार्यक्षमता वाढवता येते. या गटाने रंगांवर काम केले तसे ऑक्झॅलिक ॲसिडवरही केले. ऑक्झॅलिक ॲसिडला रंग नसतो. ही बाब किरकोळ वाटेल, पण सगळी मेख इथेच आहे.

मिथिलीन ब्लू १८७६ साली हाइनरिख कारो यांनी जर्मनीत बनवला. पेशी रंगवायला तो उत्तम, औषध म्हणूनही वापरला गेला. पण त्याची एक खोड आहे. ग्लुकोज आणि कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात त्याचे दोन थेंब टाकून बाटलीला बूच लावा. थोड्या वेळात पाणी रंगहीन होते. बाटली जोरात हलवा, हवेतला ऑक्सिजन मिसळतो आणि पाणी पुन्हा निळेशार. ठेवा, रंग गेला. हलवा, रंग आला. विज्ञान प्रदर्शनात मुलांना हा खेळ दाखवतात. रंग जातो तेव्हा रेणू मोडलेला नसतो, त्याने फक्त रूप बदललेले असते. म्हणजे रंग नाहीसा होणे आणि पदार्थ नाहीसा होणे या दोन वेगळ्या घटना आहेत. रंगाची तीव्रता मोजणारा फोटोमीटर पहिलीच सांगतो, दुसरीबद्दल मौन पाळतो. यावर होक्काइदो विद्यापीठाचे बुन्शो ओहतानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली आणखी एक घाव घातला. दृश्य प्रकाशात काम करणारा ऑक्साइड बनवल्याचे दावे तेव्हा धडाधड येत होते आणि पुरावा म्हणून सगळ्यांच्या हातात मिथिलीन ब्लूच होता. ओहतानी यांच्या गटाने विचारले, हा रंग स्वतःच दृश्य प्रकाश शोषतो, मग कामाचे श्रेय ऑक्साइडला कसे देता? प्रकाश खाऊन रंगाचा रेणूच उत्तेजित होतो, आपला इलेक्ट्रॉन ऑक्साइडकडे ढकलतो आणि स्वतः विटतो. परीक्षार्थीने स्वतःचीच उत्तरपत्रिका तपासण्यासारखा हा प्रकार आहे.

यावर प्रतिवाद होतो आणि तो अगदीच पोकळ नाही. मूलभूत संशोधनाला एक सोपा, स्वस्त, सगळ्यांकडे सारखा असणारा नमुना लागतोच. त्याशिवाय नाशिकच्या प्रयोगाची तुलना नागपूरच्या प्रयोगाशी कशी करणार? अतिनील प्रकाशातल्या चाचणीसाठी मिथिलीन ब्लूची पद्धत २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणूनही स्वीकारली गेली. मान्य. पण ते मानक पृष्ठभागाची क्रियाशीलता मोजण्यासाठी आहे. नाल्याचे पाणी शुद्ध होईल याची हमी त्यात कोणी दिलेली नाही. आपल्याकडच्या प्रबंधांच्या प्रस्तावनेत पंचगंगा असते, प्रयोगात मिथिलीन ब्लू असतो आणि निष्कर्षात पुन्हा पंचगंगा येते. मधला पूल कुठेच बांधलेला नसतो.

कारण इचलकरंजीच्या नाल्यातले रसायनच निराळे आहे. सुती कापडाला आज बहुतेक रिॲक्टिव्ह रंग लावतात. हे रंग पाण्यात ऋणभारित, तर मिथिलीन ब्लू धनभारित. रंगाईचे पाणी अल्कधर्मी असते आणि अशा पाण्यात ऑक्साइडच्या पृष्ठभागावरही ऋणभार येतो. मिथिलीन ब्लू त्याला आपसूक चिकटतो. रिॲक्टिव्ह रंग मात्र दूर ढकलला जातो. शिवाय रंग कापडावर चढावा म्हणून या रंगाईत लिटरमागे चाळीस-पन्नास ग्रॅम मीठ सहज पडते. प्रकाशामुळे तयार होणारे जे आक्रमक हायड्रॉक्सिल मूलक रंग मोडणार, त्यांना क्लोराइड आणि कार्बोनेट वाटेतच गाठतात. सायझिंगची खळ धुऊन निघालेले स्टार्च असते, तेही त्याच मूलकांवर ताव मारते. वर पाणी इतके गडद, की प्रकाश वरच्या थरातच अडकतो. टायटॅनियम डायऑक्साइडला जागे करायला सुमारे ३८८ नॅनोमीटरपेक्षा आखूड लहरी लागतात आणि त्या सूर्यप्रकाशाच्या ऊर्जेत चार-पाच टक्केच असतात. झिंक ऑक्साइड तर तीव्र अल्कलीत किंवा आम्लात स्वतःच विरघळू लागतो, म्हणजे एक प्रदूषक काढताना पाण्यात जस्त सोडायचे. ‘ऊन फुकट आहे’ हा युक्तिवाद म्हणूनच मला पटत नाही. ऊन फुकट असेल, पण उथळ तळ्यांना लागणारी जमीन फुकट नाही, आणि इचलकरंजीत तर नाहीच.

दरम्यान धातूचे ऑक्साइड मुकाट्याने पाणी शुद्ध करतच आहेत, फक्त त्यावर कोणी शोधनिबंध लिहीत नाही. कृष्णा उगम पावते ती महाबळेश्वरच्या जांभ्यावर. पाचगणीचे पठार जांभ्याचे, कासही जांभ्याचेच. लाखो वर्षांच्या पावसाने बेसॉल्टमधली सिलिका धुऊन नेली आणि मागे लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे ठेवली, तो जांभा. कोल्हापूरच्या पश्चिमेच्या सड्यांवर त्यात ॲल्युमिनियम इतके साठले की ते बॉक्साइट म्हणून खणले जाते. पाणीपुरवठ्याची तुरटी बॉक्साइटपासूनच बनवता येते. पावसाळ्यात कृष्णा तांबडी-गढूळ झाली की जलशुद्धीकरण केंद्रात पाण्यातला तुरटीचा डोस वाढवतात. तुरटी पाण्यात पडताच ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे कापसासारखे पुंजके तयार होतात, ते गाळ, जंतू, सेंद्रिय कचरा कवटाळून तळाशी बसतात. हंड्यात तुरटी फिरवणाऱ्या आजीने केलेले रसायन हेच. नागपूरच्या ‘नीरी’ने फ्लोराइड काढण्यासाठी बसवलेली नलगोंडा पद्धत तुरटी आणि चुन्यावरच उभी आहे, आणि सक्रिय ॲल्युमिना हा तर फ्लोराइडसाठी जगभर वापरला जाणारा ऑक्साइड. खरगपूरच्या आयआयटीत जांभ्यावर आम्ल-अल्कलीची प्रक्रिया करून बंगालच्या आर्सेनिकसाठी फिल्टर बनवले गेले. साताऱ्याचा जांभा त्या कामाला कसा ठरेल, हे पाहणे एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला सहज जमण्यासारखे आहे.

इथे दुसरा आक्षेप येतो, आणि तो पहिल्यापेक्षा वजनदार आहे. तुरटी असो वा ॲल्युमिना, ते घाण मोडत नाहीत, फक्त पाण्यातून उचलून गाळात ठेवतात. ॲल्युमिना कॉस्टिकने धुऊन पुन्हा वापरला, तर त्या धुवणात सगळे फ्लोराइड उतरते. ते विहिरीशेजारी ओतले तर काय साधले? प्रकाशाचे समर्थक म्हणतात, आम्ही निदान रेणूचा शेवट करतो. बरोबर आहे. पण मग शेवट झाला हे दाखवा: रंग मोजू नका, पाण्यात उरलेला एकूण सेंद्रिय कार्बन मोजा. ॲझो रंगाचा मधला बंध तुटला की रंग जातो, पण तुकडे राहतात. ऑक्सिजन नसलेल्या गाळात तुटला तर उरणारी काही ॲरोमॅटिक अमाइन मूळ रंगाहून घातक असतात. खरे तर नाल्याला नव्या पदार्थाची वाण कधीच नव्हती. सांगलीचा शेरी नाला ज्या कृष्णेला मिळतो, तिचेच पाणी शहर पिते. सांडपाणी अडवून त्यावर प्रक्रिया कशी करायची, याचे ज्ञान शंभर वर्षे जुने आहे. इचलकरंजीत २०१२ साली काविळीच्या साथीने माणसे दगावली. शहराने पंचगंगेकडे पाठ फिरवून आधी कृष्णेचे पाणी आणले, मग वारणेकडे पाहिले तर दानोळी गावाने विरोध केला, दूधगंगेकडे पाहिले तर सुळकूड योजनेवरून कागलकडून विरोध झाला. नदी बदलण्याच्या या खटाटोपावर नॅनोकणांचा कोणताही उतारा नाही.

मग प्रकाश-ऑक्साइडची जागा कोणती? पाणी थोडे, घाण थोडी पण चिवट, आणि जिवाणूंना न पचणारी, अशी. स्पेनमधल्या अल्मेरियात पॉलीहाउसची शेती आहे. तिथे कीटकनाशकांचे रिकामे डबे पुनर्वापरासाठी धुताना निघणारे पाणी शुद्ध करायला २००४ मध्ये सूर्यप्रकाशावर चालणारा संच बसवला, सुमारे दीडशे चौरस मीटरचा. त्यातही टायटॅनियम डायऑक्साइड मागे पडला आणि लोह व हायड्रोजन पेरॉक्साइडची जोडी निवडली गेली, कारण ती जलद काम करते. तासगाव-मिरज पट्ट्यातल्या द्राक्षबागांचा प्रश्न हुबेहूब हाच आहे. छाटणीपासून काढणीपर्यंत औषध मारण्याच्या फेऱ्या चालतात. फवारणी संपली की ट्रॅक्टरचा ब्लोअर विहिरीजवळ किंवा ओढ्याकाठी आणून टाकी धुतली जाते आणि ते दुधट पाणी तिथेच मुरते. रोजचे शे-दोनशे लिटर, रंगाई नाही, खळ नाही, ऊन भरपूर. धुण्याची एक सामाईक जागा आणि तिच्याशेजारी असा संच, एवढे एखाद्या द्राक्ष बागाईतदार संघाला झेपण्यासारखे आहे. विश्रामबागेच्या प्रयोगशाळांपासून तासगाव फार दूर नाही.

फक्त एक अडचण उरते, ती मोरचुदाची, म्हणजे कॉपर सल्फेटची. मोरचूद आणि चुन्याच्या बोर्डो मिश्रणाची फवारणी द्राक्षांवर होते, आणि त्यातले तांबे मूलद्रव्य आहे. ते कोणत्याही प्रकाशाने मोडत नाही. ते लोहाच्या ऑक्साइडवर पकडावे लागेल, आणि त्या तांबूस-हिरव्या गाळाचे पोते कोणाच्या तरी नावावर चढवून रांजणगावच्या घातक कचरा प्रकल्पात पाठवावे लागेल. वाहतुकीचे भाडे बागाईतदाराने भरायचे, औषध विकणाऱ्या कंपनीने की ग्रामपंचायतीने, हे आधी ठरवल्याशिवाय या कामावरचा प्रबंध अर्धवटच म्हणावा लागेल.