सातबाऱ्याच्या छपाईचा प्रवास: सुयांच्या प्रिंटरपासून मोबाइलपर्यंत

कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील रहिवाशाला छापील कागद लागतो तो मुख्यतः सातबारा, जातीचा दाखला किंवा उत्पन्नाचा दाखला यांसाठी. त्यामुळे कोणता प्रिंटर कोणत्या संगणकाशी जुळतो, हा प्रश्न येथे थेट माणसाच्या खेपांशी निगडित राहिला आहे. सरकारी कचेऱ्यांत दीर्घकाळ वापरला गेलेला डॉट मॅट्रिक्स, म्हणजे शाईच्या फितीवर सुया आपटून ठिपक्यांची अक्षरे उठवणारा प्रिंटर, या बाबतीत उदार होता. एप्सन कंपनीने ठरवलेली आज्ञांची पद्धत इतर उत्पादकांनीही स्वीकारल्याने साधा मजकूर कोणत्याही संगणकावरून छापता येई. त्याच्या अंगच्या अक्षरसंचात देवनागरी मात्र सहसा नसे, आणि पुण्याच्या सी-डॅकने विकसित केलेल्या जिस्ट तंत्रामुळे मराठी अक्षरे ठिपक्यांच्या चित्ररूपाने त्याच्याकडे पाठवता येऊ लागली.

स्वस्त लेझर प्रिंटर आल्यावर छपाई सुबक झाली, पण ही मोकळीक आटली. एचपी लेझरजेट 1020 सारख्या यंत्रात पानाची मांडणी करण्याचे काम संगणकावर सोपवलेले असे, आणि यंत्र चालवणारी मूळ आज्ञावलीही ते सुरू होताना दर वेळी संगणकाकडूनच यावी लागे. पावसाळ्यात वीज गेली आणि परत आली की ही देवाणघेवाण पुन्हा पहिल्यापासून होई. ती घडवून आणणारा ड्रायव्हर, म्हणजे संगणक आणि प्रिंटर यांमधला दुवा असलेली आज्ञावली, उत्पादकाने प्रामुख्याने विंडोजसाठी दिलेली असल्याने लिनक्स वापरणाऱ्यास स्वयंसेवकांनी लिहिलेल्या foo2zjs या पर्यायावर विसंबावे लागे. कमी किमतीच्या मोहापायी ग्राहकावर लादली गेलेली ही परावलंबिता अन्यायकारक होती, असेच म्हणावे लागेल.

बदलाची बीजे 1999 मध्येच पडली होती. त्या वर्षी प्रसिद्ध झालेली कप्स ही छपाई-प्रणाली 2002 मध्ये अ‍ॅपलने आपल्या संगणकांत घेतली. पुढे 2010 मध्ये एअरप्रिंट आणि 2013 मध्ये आयपीपी एव्हरीव्हेअर ही मानके आली, ज्यांत प्रिंटर आपली क्षमता स्वतःच संगणकाला कळवतो आणि वेगळ्या ड्रायव्हरची गरज उरत नाही. महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा 2018 पासून पीडीएफ रूपात मिळू लागल्यावर या मानकांचे मोल वाढले, कारण नेरळ किंवा खोपोलीत असे कागद छापून देणाऱ्या केंद्राच्या चालकासमोर ग्राहकाने मोबाइलवर आणलेली फाइलही येऊ लागली. नवा प्रिंटर घेताना खोक्यावर एअरप्रिंट किंवा मोप्रिया (मोबाइलवरून छपाईचे असेच एक मानक) यांचे चिन्ह आहे का, हे म्हणूनच पानांच्या वेगाआधी पाहावे. जुना, चालू असलेला प्रिंटर मात्र टाकून देण्याची गरज नाही, कारण त्याला ड्रायव्हर उपलब्ध असल्यास कप्स बसवलेल्या एखाद्या जुन्या संगणकामार्फत तो जाळ्यातील इतर संगणकांना आणि मोबाइलनाही वापरता येतो.