समजून घ्या : गटाराला पैसे आहेत, रस्त्याला नाहीत, सरपंच खोटं बोलतात का?

'गटारासाठी निधी आहे, रस्त्यासाठी नाही.' ग्रामसभेत बसलेल्या कुणालाही हे वाक्य नवीन नाही. आळीत गुडघाभर चिखल, बँकेत पंचायतीचे पैसे शिल्लक, आणि सरपंच म्हणतात, 'ते पैसे तिकडं वापरता येत नाहीत.' ऐकणाऱ्याला वाटतं, हे टाळतायत.

बऱ्याचदा ते खरं बोलत असतात. पण ते खरं आहे की नाही, हे आता मोबाइलवरच तपासता येतं. येत्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून पुढच्या आर्थिक वर्षाच्या आराखड्याची तयारी सुरू होते, म्हणून हा हिशोब आत्ताच समजून घेऊया. उदाहरणासाठी गाव घेऊ बारामती तालुक्यातलं कोऱ्हाळे बुद्रुक. नीरा-बारामती रस्त्यावरचं, नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यातलं, उसाचं गाव. इथले नियम राज्यातल्या इतर ग्रामपंचायतींनाही तेच आहेत.

पैसे येतात कुठून?

ग्रामपंचायतीच्या तिजोरीला मुख्यतः दोन वाटांनी पैसा येतो. एक, गावाचा स्वतःचा : घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, आरोग्य कर, गाळ्यांचं भाडं. दुसरा, वरून येणारा. त्यात कामांसाठी सगळ्यात महत्त्वाचा ठरला तो केंद्राच्या पंधराव्या वित्त आयोगाचा निधी. आमदार-खासदार निधी किंवा जिल्हा परिषदेच्या योजनांतून गावात कामं होतात, पण त्यांचा निर्णय पंचायतीच्या टेबलावर होत नाही, त्यामुळे ती इथे बाजूला ठेवू.

२०२१-२६ या पाच वर्षांसाठी आयोगाने देशभरातल्या ग्रामीण स्थानिक संस्थांना २ लाख ३६ हजार ८०५ कोटी रुपये सुचवले. महाराष्ट्रात त्याची वाटणी ८०-१०-१० अशी होती. ८० टक्के ग्रामपंचायतीला, १० पंचायत समितीला, १० जिल्हा परिषदेला. आधीच्या चौदाव्या आयोगात सगळे पैसे थेट ग्रामपंचायतीला होते.

बंधित आणि अबंधित म्हणजे नेमकं काय?

रस्त्याला नकार मिळतो तो या दोन शब्दांमुळे. समजा पंधराव्या आयोगाच्या काळात पंचायतीला १० लाख रुपये आले. त्यातले ६० टक्के, म्हणजे ६ लाख 'बंधित'. या ६ लाखांतले ३ लाख पिण्याचं पाणी, पावसाचं पाणी साठवणं, पाण्याचा पुनर्वापर यासाठी, आणि ३ लाख स्वच्छतेसाठी. म्हणजे सांडपाणी, बंदिस्त गटार, घनकचरा, शौचालयांची देखभाल. उरलेले ४ लाख 'अबंधित'. ते गावाच्या गरजेनुसार वापरता येतात, पण त्यातून पगार आणि आस्थापना खर्च करता येत नाही.

सिमेंटचा रस्ता हा पाणी किंवा स्वच्छतेत बसत नाही. तो ४ लाखांतच बसवावा लागतो. अंगणवाडीची दुरुस्ती, स्मशानभूमीचं शेड, पेव्हर ब्लॉकसुद्धा याच ४ लाखांत. त्यामुळे बंधितचे ३ लाख खात्यात पडून असतानाही रस्त्याला 'निधी नाही' हे उत्तर खरं असू शकतं. पाणी किंवा स्वच्छता यापैकी एका विषयाचं गावातलं काम पूर्ण झालं असेल, तर त्याचा निधी दुसऱ्या विषयाकडे वळवता येतो. पण रस्त्याकडे नाही.

रस्त्याच्या आधी गटार झालेलं बरं, हेही खरं. मी सिव्हिलचा विद्यार्थी होतो, पाण्याला वाट न देता केलेलं काँक्रीट किती वर्षं टिकतं याचं उत्तर परीक्षेत लिहिलंय. गल्लोगल्ली फिरल्यावर ते डोळ्यांनीही दिसतं.

मग पथदिव्यांचं बिल कोण भरतं?

अबंधितच्या ४ लाखांना आणखी एक मोठं भोक आहे. २०२१ मध्ये थकबाकीपोटी महावितरणने राज्यातल्या अनेक गावांच्या पथदिव्यांची वीज तोडली होती. त्यानंतर सरकारने ही बिलं वित्त आयोगाच्या निधीतून भरायला सांगितलं. पाणी योजनेच्या पंपाचं बिल बंधितमधून, पथदिव्यांचं अबंधितमधून. सरपंचांच्या संघटनांनी विरोध केला, कारण विकासकामाचा पैसा बिलातच जाणार होता.

म्हणून रस्त्याची मागणी करताना आधी विचारायचा प्रश्न हा : यंदा अबंधितमधून विजेचं बिल किती गेलं? उत्तर मिळालं की रस्त्याला किती उरतं ते तिथेच कळतं.

गावाची माणसं मोजली कधी?

हा निधी गावाला किती मिळणार हे मुख्यतः लोकसंख्येवर ठरतं, थोडं क्षेत्रफळावर. लोकसंख्या कुठली? २०११ च्या जनगणनेची. २०२१ ची जनगणना झालीच नाही.

बारामतीच्या आसपास तेव्हापासून काय झालंय हे नीरा रस्त्याने एकदा गेलं तरी दिसतं. शेतात बंगले झाले, रस्त्याकडेला दुकानं आणि भाड्याच्या खोल्या झाल्या. त्यात दरवर्षी दिवाळीनंतर सोमेश्वर आणि माळेगाव कारखान्यांच्या हंगामासाठी ऊसतोड कामगार येतात, काही महिने कोप्या टाकून राहतात. पाणी तेही पितात, कचरा तिथंही होतो. पण जनगणना होते तेव्हा ही कुटुंबं इथं असतीलच असं नाही. पाण्याचा टँकर कुठे पाठवायचा हा प्रश्न मात्र पंचायतीसमोर दर हंगामात येतो.

आषाढी वारीच्या दिवसांत असाच एक ताण एका रात्रीत येतो. सासवडहून निघणाऱ्या संत सोपानकाकांच्या पालखीचा मुक्काम सोमेश्वरनगरनंतर कोऱ्हाळे बुद्रुकला असतो, आणि मग ती बारामतीकडे जाते. पाणी, दिवे, तात्पुरती शौचालयं, दुसऱ्या दिवशीची साफसफाई. वारीच्या कौतुकात हे कुणाच्या लक्षात येत नाही, पण त्यासाठीचे ठराव आधीच्या मासिक सभेत झालेले लागतात.

निर्णय कोण घेतं : मासिक सभा की ग्रामसभा?

दोन्ही, पण कामं वेगळी. दर महिन्याला निवडून आलेल्या सदस्यांची मासिक सभा होते. गावाच्या लोकसंख्येनुसार सदस्य ७ ते १७. मोटार जळाली, दुरुस्ती कुणाकडून, नळजोडणीचे अर्ज, ब्लिचिंग पावडरची खरेदी, मागच्या महिन्याच्या खर्चाला मंजुरी, असं रोजचं कामकाज इथे चालतं.

ग्रामसभा मात्र गावातल्या सगळ्या मतदारांची. वर्षात किमान चार. बहुतेक ठिकाणी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या आसपास. विकासाचा आराखडा, कामांवरचा खर्च, घरकुलासारख्या योजनांचे लाभार्थी हे विषय तिच्यासमोर यावेच लागतात. नियमित ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. पुरेशा कारणाशिवाय ग्रामसभाच न बोलावणाऱ्या सरपंचाचं पद जाऊ शकतं.

हा हक्क शहरात नाही. बारामती नगरपरिषदेच्या सभेत मत देतात ते नगरसेवक. याच रस्त्यावरच्या माळेगाव बुद्रुकची नगरपंचायत झाली, तशी तिथली ग्रामसभा संपली. आपलं गाव 'शहर' व्हावं म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवलेलं बरं.

कोरम किती लागतो?

एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातली जी संख्या कमी असेल ती. म्हणजे मोठ्या गावातही १०० माणसं पुरतात. तेवढी नसतील तर सभा तहकूब होते. इथेच एक बारीक गोष्ट आहे. तहकूब सभा पुन्हा घेतली की तिला कोरमचं बंधन नसतं. २०-२५ जणांतही वर्षाचा आराखडा मंजूर होऊ शकतो, आणि तो कायदेशीर असतो.

माझ्या गावात (नाव नको) सभा संपल्यावर हजेरीची वही घरोघर फिरलेली मी पाहिली आहे. शाळेत असताना आमच्याही घरी आली होती. आजीने विचारलं, 'कशाची सही?' उत्तर आलं, 'मिटिंगची.' आजीने केली. त्या सभेत काय ठरलं ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही. कोऱ्या जागेच्या वर आपली सही नको, एवढं तरी घरातल्या मोठ्यांना सांगून ठेवा.

मागणी केली, हात वर झाले, तरी काम का होत नाही?

कारण ग्रामसभेत 'हो' म्हणणं ही पहिलीच पायरी. काम आराखड्यात लिहिलं जावं लागतं आणि तो आराखडा ई-ग्रामस्वराज या केंद्राच्या पोर्टलवर चढावा लागतो. पोर्टलवर नसलेल्या कामाला वित्त आयोगाचा पैसा निघत नाही. तोंडी मागणी आणि टाळ्या इथेच विरतात.

पुढे जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाचे अभियंते अंदाजपत्रक करतात, तांत्रिक मान्यता मिळते, पंचायत प्रशासकीय मान्यता देते. ठरावीक रकमेच्या वरचं काम असेल तर ई-निविदा, मग कार्यारंभ आदेश. काम झाल्यावर अभियंता मोजमाप पुस्तिकेत नोंद करतो आणि त्याच नोंदीवर बिल निघतं. पैसे चेकने नाही, तर सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांच्या डिजिटल सहीने थेट ठेकेदाराच्या खात्यात जातात. (ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन पदं २०२४ मध्ये एकत्र करून 'ग्रामपंचायत अधिकारी' असं नाव दिलंय. गावात अजून भाऊसाहेबच म्हणतात.)

मोजमाप पुस्तिका ही या सगळ्या साखळीतली माझी आवडती वस्तू. लांबी, रुंदी, जाडी, तिन्ही आकडे त्यात असतात. आळीतलं काँक्रीट किती इंचाचं आहे यावर पारावर तासभर वाद घालण्यापेक्षा त्या पानाची प्रत आणि एक टेप पुरे.

मोबाइलवर कसं बघायचं?

'मेरी पंचायत' हे ॲप किंवा ई-ग्रामस्वराजची वेबसाइट उघडा. राज्य महाराष्ट्र, जिल्हा पुणे, तालुका बारामती, मग ग्रामपंचायत. इथे घोळ होतो. यादीत कोऱ्हाळे दोन आहेत. पोर्टलवर नावं इंग्रजीत असतात. पुढे 'बीके' असेल तर बुद्रुक आणि 'केएच' असेल तर खुर्द. बुद्रुक म्हणजे मोठं, खुर्द म्हणजे धाकटं, दोन्ही शब्द फारसीतून आलेले. भलत्याच गावचा आराखडा वाचून ग्रामसभेत भांडलात, तर पंचाईत तुमचीच होईल.

वर्ष निवडलं की मंजूर आराखड्याची यादी दिसते. कामाचं नाव, अंदाजे रक्कम, निधी कुठला. जमा-खर्चाचा अहवाल वेगळा असतो. आपल्या आळीचं काम यादीत आहे का, ते बंधितमध्ये टाकलंय की अबंधितमध्ये, आणि त्यावर किती पैसे गेले, या तीन गोष्टी बघा. यादीत काम आहे, खर्च पडलाय आणि आळीत काहीच नाही, असं दिसलं तर मोजमाप पुस्तिका मागायची वेळ आली.

कागद तोंडी मागून मिळाला तर उत्तम. नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपये शुल्क, ३० दिवसांची मुदत. ठरावांचं इतिवृत्त, मोजमाप पुस्तिका, बिल, सगळं त्यातून मागता येतं. उत्तर नाही आलं तर अपील करता येतं.

गावाच्या स्वतःच्या पैशातून रस्ता का नाही?

करता येतो, पण घरपट्टी भरली तर. स्वतःच्या उत्पन्नातलेही काही हिस्से आधीच बांधलेले असतात : १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी. कर्मचाऱ्यांचे पगार आणि दप्तराचा खर्चही इथूनच. उरलेली रक्कम वसुलीवर ठरते. २०१५ च्या शेवटी नियम बदलल्यापासून घरपट्टी भांडवली मूल्यावर लागते. नमुना ८ च्या उताऱ्यावर तुमचं घर माती-पत्र्याचं आहे की आरसीसी, हे नोंदलेलं असतं. बंगला बांधला आणि उताऱ्यावर अजून पत्र्याचं घर, असं असेल तर कर वाचतो आणि रस्ताही राहतो.

करावर एक गंमत कायद्यातही आहे. मागणीचं बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत कर भरला नाही, तर पंचायत सदस्य अपात्र ठरू शकतो. मतदाराला मात्र तशी अट नाही. थकबाकीदारही ग्रामसभेत उभा राहून रस्ता मागू शकतो, आणि मागतोच.

आता घाई कशासाठी?

पंधराव्या आयोगाचा काळ ३१ मार्च २०२६ पर्यंतचा आणि १ एप्रिल २०२६ पासूनचा काळ सोळाव्या आयोगाचा. त्यात बंधित-अबंधितचं प्रमाण वेगळं असू शकतं, आणि गावं जे आराखडे करतात ते पुढच्या वर्षासाठीचे असतात. ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी लागते. पंचायतीच्या फळ्यावर ती आली की विषयपत्रिकेचा फोटो काढा. तुमचा विषय त्यात नसेल तर सभेआधी लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. गटार आणि रस्ता दोन्ही हवं असेल, तर ती दोन वेगळी कामं म्हणून लिहा : गटार बंधितमधून, रस्ता अबंधितमधून. एकाच ओळीत 'गटार व रस्ता' लिहिलं, की कुठल्या निधीत टाकायचं या प्रश्नावर ते टेबलावरच अडकतं.