एका रविवारी सहा पेपर
(घरखर्चाची गणितं : लेखांक ७)

अमेरिकेतल्या एखाद्या घरात रविवारी सकाळी एकाच पेपरच्या सहा प्रती येत, तेव्हा त्या घराला बातम्यांचं वेड आहे असं समजायचं कारण नसे. बातम्या थेट रद्दीत जात. कात्री चाले ती आतल्या सवलतीच्या कूपनांच्या रंगीत पुरवणीवर. एका प्रतीत पुरवणी एकच आणि एका नगाला कूपनही एकच, म्हणून टूथपेस्टच्या सहा नळ्या स्वस्तात हव्या असतील तर पेपरही सहा!

गिऱ्हाइकाला कागदाच्या चिटोऱ्याने ओढण्याची युक्ती जुनी. १८८०च्या दशकाच्या अखेरीस कोका-कोलाने एक ग्लास फुकट देणारी तिकिटं वाटली होती. आजच्या कूपनमागचा व्यवहार मात्र समजून घ्यायला हवा. दुकानदार कूपन स्वीकारतो तेव्हा त्याच्या खिशाला खार लागत नाही. सूट दिलेली रक्कम माल बनवणारी कंपनी त्याला परत करते, वर हाताळणीचे म्हणून कूपनमागे साधारण ८ सेंट देते. सेल दुकानाचा, कूपन कंपनीचं. दोन वेगळ्या थैल्यांतून येणारी सूट एकाच नगावर चढवता येते, ती अशी.

समजा, ४ डॉलरची टूथपेस्ट सेलमध्ये २ डॉलरला लागली आणि हाताशी १ डॉलरचं कूपन आहे. नळी पडली एका डॉलरला. काही दुकानं लहान रकमेची कूपनं दुप्पट धरत. तिथे तर एखादी वस्तू जवळजवळ फुकटच हाती येई.

मुरलेली गृहिणी कूपन मिळालं त्याच दिवशी दुकान गाठत नाही. ते जपून ठेवते आणि सेलची वाट पाहते. एखाद्या मालाचा सेल सहा ते बारा आठवड्यांनी फिरून येतो, असा या मंडळींचा ढोबळ आडाखा. पाच जणांच्या घरात दोन आठवड्यांना एक नळी संपत असेल, तर बारा आठवड्यांना लागतात सहा. सातवी घेतली की ती हौस.

वर्षाचे सेलही ठरलेले. आपल्याकडे गहू उन्हाळ्यात भरतात, कारण नवं पीक तेव्हा बाजारात आलेलं असतं. अमेरिकेत केचप, मोहरीची चटणी, बार्बेक्यू सॉस स्वस्त होतात ते मेअखेरच्या मेमोरियल डेपासून ४ जुलैपर्यंत, म्हणजे घरोघरी अंगणात शेगड्या पेटतात नेमक्या तेव्हा. मैदा-साखरेचा भाव थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आसपास उतरतो. मागणी वाढली की भाव चढणार, या आपल्या समजुतीला हा चांगलाच धक्का! पण दुकानदाराला ठाऊक असतं की स्वस्त सॉससाठी आत आलेला माणूस मांस, पाव आणि सरबतही तिथूनच उचलणार.

२०१० मध्ये टीएलसी वाहिनीवर 'एक्स्ट्रीम कूपनिंग' आलं आणि या शांत हिशेबाचा तमाशा झाला. तळघरात दुकानासारख्या फळ्या, त्यांवर एका घराला वर्षानुवर्षं संपणार नाहीत इतक्या बाटल्या. त्यानंतर अनेक साखळी दुकानांनी एका खेपेला किती सारखी कूपनं चालतील यावर मर्यादा घातल्या. लबाडीही कमी नव्हती. व्हर्जिनियातल्या बनावट कूपनांच्या एका खटल्यात कंपन्या आणि दुकानांचं नुकसान ३ कोटी डॉलरच्या वर निघालं, आणि २०२१ मध्ये मुख्य आरोपी महिलेला १२ वर्षांची शिक्षा झाली.

साठ्याच्या या पद्धतीला खरा सुरुंग लावला तो मोबाइलने. अ‍ॅपमधलं कूपन बहुधा एका खात्याला एकदाच लागतं. सहा नळ्यांसाठी सहा खाती कोण उघडणार? छापील पुरवण्याही पूर्वीपेक्षा पुष्कळ रोडावल्या आहेत.

तरी अजूनही कूपन पाहून माल भरणारी घरं आहेतच. न्यू जर्सीतल्या मराठी घरालाही हा हिशेब लावता येतो, पण तो डिटर्जंट, शाम्पू, डब्यातलं सीरियल इथवरच. ताज्या भाजीवर कूपन विरळाच. पोहे आणि तूरडाळ भारतीय किराणा दुकानातून आणायची, त्या दिवशी असेल त्या भावाने.