पुढून भरावयाच्या धुलाई-यंत्रात बाळाचे लंगोट : विरलनाच्या दृष्टीने एक विचार

वस्त्रप्रक्षालनाच्या अभ्यासात बाळाच्या लंगोटांचा स्वतंत्र विचार क्वचितच केला जातो. इतर सुती कपड्यांप्रमाणेच तेही एक सुती वस्त्र, असे मानून पुढे जाण्याची प्रथा आहे. ही समजूत बरोबर नाही. सदऱ्याचा मळ दिसेनासा झाला म्हणजे धुण्याचे काम बहुतांशी पुरे झाले असे म्हणता येते. लंगोटाच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही. त्यातील मळाचा मोठा भाग मुळातच अदृश्य असून पाण्यात विरघळलेला असतो. शिवाय हे वस्त्र द्रव शोषून धरण्यासाठीच बनविलेले असते आणि ओलसर अवस्थेत ते तान्ह्या बाळाच्या नाजूक त्वचेला तासन्‌तास लागून राहते. कापडात जे काही शिल्लक उरेल त्याचा भोग बाळाच्या त्वचेला भोगावा लागतो.

पुढील बाजूने कपडे घालावयाचे, म्हणजेच फ्रंट-लोडिंग पद्धतीचे, धुलाई-यंत्र घरोघरी आल्यापासून या प्रश्नास नवे वळण मिळाले आहे. घरगुती वापराचे या जातीचे पहिले स्वयंचलित यंत्र अमेरिकेत बेन्डिक्स या नावाने १९३७ मध्ये पुढे आले. या यंत्रातील ड्रम आडव्या आसावर फिरतो. तळाशी थोडेसे पाणी असते. ड्रमच्या आतील उंचवटे कपड्यांना वर उचलतात आणि ते पुन्हा पाण्यात आपटतात. सर्व कपडे एकाच वेळी पाण्यात बुडवून ठेवण्याची गरज नसल्यामुळे पाणी फार कमी लागते. हाच या यंत्राचा मुख्य गुण होय. परंतु लंगोट धुऊ लागताच याच गुणाविषयी तक्रार सुरू होते. वाळलेल्या लंगोटास वास नसतो. बाळाने तो ओला करताच काही वेळात अमोनियाचा उग्र दर्प येतो, आणि पुढे त्वचा लाल होते. मग कोणी यंत्राच्या काटकसरीस दोष देतो, तर कोणी डिटर्जंटचे प्रमाण वाढवितो. या दोन्ही मतांत तथ्य किती, याचा विचार येथे करावयाचा आहे.

लंगोटात काय उरते

लघवीतील युरियावर यूरिएज हे विकर निर्माण करणाऱ्या जीवाणूंची क्रिया झाली म्हणजे त्याचे विघटन होऊन अमोनिया व कार्बन डाय-ऑक्साइड तयार होतात. लंगोटामुळे होणाऱ्या त्वचादाहाचा या क्रियेशी असलेला संबंध कुक यांनी १९२१ मध्ये मांडला आणि त्यानंतर पुष्कळ वर्षे अमोनिया हेच दाहाचे मूळ कारण समजले गेले. लेडेन व त्यांचे सहकारी यांनी १९७७ मध्ये या समजुतीबद्दल शंका उपस्थित केली. दाह असलेल्या व नसलेल्या बालकांत अमोनियाच्या प्रमाणात त्यांना लक्षणीय फरक आढळला नाही. १९८६ मध्ये बर्ग, बकिंगहॅम व स्टुअर्ट यांनी अधिक समाधानकारक उपपत्ती दिली. अमोनियामुळे त्वचेवरील आम्लता कमी होते, आणि अशा स्थितीत विष्ठेतील प्रथिने व स्निग्ध पदार्थ यांचे विघटन करणारी विकरे अधिक क्रियाशील होऊन त्वचेच्या बाह्य थरास इजा करतात.

या उपपत्तीचा प्रक्षालनाशी निकटचा संबंध आहे. अमोनियाचा दर्प हा स्वतः रोग नसला तरी ते एक सूचक चिन्ह होय. कोरड्या लंगोटास वास नसणे आणि तो ओला होताच वास येणे, याचा अर्थ मागील धुण्यानंतरही कापडात जीवाणू व त्यांचे पोषण करणारा मळ उरला आहे, असा बहुधा होतो. अर्थात लंगोट फार वेळ बदललाच नाही, तर स्वच्छ कापडातही हा दर्प येईल. हा फरक ध्यानात ठेवूनच निदान केले पाहिजे.

विरलनाचे गणित

पाण्यात विरघळलेला मळ काढणे हे मुख्यतः विरलनाचे काम आहे. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. सुमारे दोन किलो कोरड्या वजनाचे लंगोट पिळल्यानंतर त्यांत ३ लिटर द्रव राहतो आणि प्रत्येक वेळी खळबळताना ड्रममध्ये, कापडातील द्रव धरून, एकूण १२ लिटर पाणी असते, असे समजा. पाणी सर्वत्र सारखे मिसळले तर एका खळबळण्यानंतर कापडात पूर्वीच्या मळाचा १/४ भाग उरेल, आणि तीन वेळांनंतर १/६४ भाग उरेल. या तीन खेपांत मिळून २७ लिटर ताजे पाणी खर्च झाले. तेवढेच पाणी एकदम घालून एकदाच खळबळले असते, तर ३/३०, म्हणजे १/१० भाग मळ मागे राहिला असता.

आता त्याच लंगोटांची पिळणी अधिक चांगली झाली आणि कापडात ३ लिटरऐवजी दीड लिटरच द्रव उरला असे धरा. एका खळबळण्यानंतर १/८ आणि तीन वेळांनंतर १/५१२ भाग उरतो; म्हणजे आधीच्या मानाने आठपट स्वच्छता येते. उलट यंत्राने एकूण ८ लिटरच पाणी घेतले व कापडात ३ लिटर द्रव राहिला, तर तीन खेपांनंतर सुमारे १/१९ भाग शिल्लक राहील.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक म्हणजे, पाणी एकंदर किती वापरले यापेक्षा ते किती खेपांत विभागले आणि दोन खेपांच्या मध्ये कापड किती पिळले गेले, यास अधिक महत्त्व आहे. दुसरी म्हणजे, पाण्याची काटकसर करणारे यंत्र या कामास मुळातच अपात्र आहे, असे म्हणता येत नाही. मात्र हे गणित पाणी पूर्णपणे मिसळते या गृहीतकावर उभे आहे. अनेक पदरी जाड लंगोटाच्या आतील थरापर्यंत पाणी पोहोचण्यास वेळ लागतो, आणि तंतूंना चिकटलेले पदार्थ केवळ विरलनाने सुटत नाहीत. म्हणून प्रत्यक्षातील परिणाम गणितापेक्षा नेहमी थोडा उणाच राहणार.

यंत्राचे वर्तन

हे विरलन कोठे बिघडते हे पाहण्यासाठी यंत्र पाणी कसे मोजते, ते समजून घ्यावयास हवे. पुष्कळ यंत्रांत ड्रमच्या बाहेरील टाकीस एक नळी जोडलेली असते. पाणी चढू लागले की नळीत कोंडलेल्या हवेचा दाब वाढतो आणि तो ठरावीक मर्यादेस पोहोचताच पाणी बंद होते. कापडाने पाणी शोषले म्हणजे पातळी उतरते व यंत्र आणखी पाणी घेते. काही यंत्रे याखेरीज आरंभी ड्रम फिरविण्यास किती जोर लागतो यावरून भाराचा अंदाज करतात. भिजवलेला टॉवेल सोबत टाकून अधिक पाणी मिळविण्याची युक्ती या दुसऱ्या प्रकारच्या यंत्रातच उपयोगी पडू शकते.

चार-सहा लंगोटच यंत्रात टाकले तर दुहेरी हानी होते. अल्प भारामुळे पाणी कमी घेतले जाते. शिवाय ओले, जड लंगोट ड्रमच्या एका बाजूस गोळा होऊन तोल जातो आणि यंत्र पिळण्याचा वेग कमी करते किंवा ती क्रियाच सोडून देते. उलट ड्रम ठासून भरला तर कापडास उचलून आपटण्यास जागा राहत नाही. ड्रम हलक्या हाताने सुमारे दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश भरावा, हे प्रमाण या दोन टोकांच्या मधले आहे. लंगोट पुरेसे नसतील तर बाळाची झबली, दुपटी, लहान टॉवेल असे कपडे सोबत घालता येतात.

तिसरा अडथळा फेसाचा. अतिरिक्त डिटर्जंटमुळे झालेला फेस कापडाच्या आपटण्यास गादीसारखा अडवितो. ड्रम व टाकी यांमध्ये साचून पिळण्याच्या वेगास खीळ घालतो. पिळणी अपुरी झाली की वरील १/५१२ चे पुन्हा १/६४ होते. दर्प येतो म्हणून डिटर्जंट वाढवावा, त्यामुळे फेस वाढावा, फेसामुळे मळ व डिटर्जंट दोन्ही मागे राहावेत आणि पुन्हा दर्प यावा, असे दुष्टचक्र अनेक घरांत निर्माण होते. या यंत्रासाठी कमी फेसाचा डिटर्जंट वेगळा बनविला जातो, त्याचे कारण हेच होय.

उष्णता, वेळ व डिटर्जंट

जर्मन रसायनज्ञ हर्बर्ट सिनर यांनी १९५९ च्या सुमारास प्रक्षालनाचे चार घटक सांगितले : रसायन, उष्णता, यांत्रिक क्रिया आणि वेळ. एक घटक कमी झाला तर त्याची भरपाई इतरांनी करावी लागते. लंगोटाच्या बाबतीत हे घटक योग्य क्रमाने यावे लागतात. आरंभीच कडक पाणी वापरल्यास विष्ठेतील प्रथिने गोठून डाग पक्के होतात. म्हणून घट्ट मल आधी शौचकूपात टाकून द्यावा आणि थंड किंवा कोमट पाण्याची, अल्प डिटर्जंटची एक छोटी पूर्वधुलाई करून ते पाणी संपूर्ण काढून टाकावे. विरलनाच्या हिशेबात ही पहिली खेपच सर्वांत लाभदायक असते. कारण मुख्य धुलाई त्यामुळे लघवीच्या पाण्यात न होता तुलनेने स्वच्छ पाण्यात होते.

मुख्य धुलाई ६० अंश सेल्सिअसला, दीर्घ कार्यक्रमावर करावी. या जातीच्या बहुतेक यंत्रांत पाणी आतच तापविले जाते. तापमान हळूहळू चढत असल्याने डिटर्जंटमधील प्रथिनविघटक विकरांना काम करण्यास अवधी मिळतो. ऊर्जाबचतीच्या कार्यक्रमात मात्र पाणी दर्शविलेल्या आकड्यापर्यंत तापेलच असे नाही.

डिटर्जंट कमी पडणेही तितकेच घातक आहे. दुष्फेन पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांमुळे त्याची शक्ती खर्च होते. मुंबईस तलावांतून मिळणारे पाणी तुलनेने मृदू आहे, तर दख्खनच्या पठारावर अनेक ठिकाणी विंधन विहिरींचे पाणी दुष्फेन आढळते. या दोन्ही ठिकाणी एकच माप लागू पडणार नाही. कपडे मऊ करणारी द्रव्ये तर पूर्णतः वर्ज्य होत. ती तंतूंवर लेप चढवून लंगोटाची शोषणशक्तीच हिरावून घेतात.

जुनी रीत व नवा हिशेब

महाराष्ट्रातील घरांत लंगोट जुनेराचे, बहुधा जुन्या धोतराचे किंवा लुगड्याचे असत. कापड पातळ, पदर थोडे. ओला होताच तो बदलावयाचा, लगेच खळबळून पिळावयाचा आणि उन्हात टाकावयाचा. त्या रीतीत पूर्वधुलाई, वारंवार विरलन व पिळणी ही तिन्ही अंगे न सांगता साधली जात. आजचा जाड लंगोट दोन-दोन दिवस साठवून यंत्रात टाकला जातो, तेव्हा हीच अंगे जाणीवपूर्वक पुन्हा जोडावी लागतात.

कापडी लंगोटाचा पर्यावरणीय लाभही धुण्याच्या रीतीवरच अवलंबून आहे. इंग्लंडच्या पर्यावरण संस्थेने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अडीच वर्षांच्या वापराचा तापमानवाढीवरील परिणाम फेकावयाच्या लंगोटांसाठी सुमारे ५५० किलो आणि कापडी लंगोटांसाठी सुमारे ५७० किलो कार्बन डाय-ऑक्साइड एवढा धरला होता. भरलेल्या यंत्रात धुणे, बाहेर दोरीवर वाळविणे व तेच लंगोट दुसऱ्या मुलास वापरणे या उपायांनी तो सुमारे २०० किलोंनी घटतो. सर्व लंगोट यंत्रात वाळविल्यास ४३ टक्क्यांनी वाढतो. तेव्हा भरलेला ड्रम बाळाच्या त्वचेस हितकर आहे तसाच या हिशेबासही अनुकूल आहे.

या विषयाची तपासणी करण्यास मोठ्या प्रयोगशाळेची आवश्यकता नाही. लंगोटांचे कोरडे वजन व पिळल्यानंतरचे वजन यांतील फरकावरून कापडात उरलेला द्रव कळतो. शेवटी पिळून काढलेल्या पाण्याची विद्युत्‌वाहकता नळाच्या पाण्याशी ताडून पाहिली म्हणजे क्षार किती मागे राहिले याचा अंदाज येतो. डिटर्जंटचे माप वाढविण्यापूर्वी ही दोन मापे घेतली, तर दोष कोठे आहे हे पुष्कळदा तेथेच समजून येईल.