हीटरची रॉड आणि विजेचा हिशेब

आमच्या हिंगणघाटच्या वस्तीत मागच्या हिवाळ्यात एका मावशींकडे विजेचे बिल आले, आणि विहारात दोन दिवस त्याचीच चर्चा चालली. मावशी चार घरची धुणीभांडी करतात. घरात दोन पंखे, तीन दिवे, एक टीव्ही. बिल मात्र नेहमीच्या दुपटीच्या वर. "मीटर पळते," असे सर्वांचे मत पडले. अर्ज लिहिण्याचे काम आमच्याकडे आले. कारकुनी करणाऱ्याकडे दुसरे काय येणार? आम्ही तो कडक भाषेत लिहिलाही. पण मावशींची नात, जी नववीत शिकते, मध्येच बोलली, "काका, रॉड किती करंट घेते ते मोजलं काय?"

बादलीत सोडून पाणी तापवायची रॉड आमच्या यादीत कुणी धरलीच नव्हती. जुनी जळाली म्हणून दिवाळीनंतर आठवडी बाजारातून स्वस्तात नवी आणली होती.

वस्तीतल्या वायरमन मुलाला बोलावले. त्याने टाँग टेस्टर आणला. हा चिमट्यासारखा असतो. तारेभोवती धरला की तारेतून किती ॲम्पिअर वाहतात ते दाखवतो. गंमत अशी की दोन्ही तारा एकत्र धरल्या तर आकडा शून्य येतो, कारण जाणारा व परतणारा प्रवाह एकमेकांना खोडतात. म्हणून त्याने मेन बंद करून वायरचे वरचे आवरण तेवढे सोलले, आतली एकच तार चिमट्यात घेतली आणि मग मेन सुरू केले. (हे काम जाणकारानेच करावे, आपण नव्हे.) करंट भरला ६.५ ॲम्पिअर. रॉड सुरू असताना बोर्डावर व्होल्टेज होते २२५.

पोरीने वही काढली. व्होल्टेजला करंटने भागले की रोध निघतो : २२५ भागिले ६.५, म्हणजे सुमारे ३४.६ ओहम. व्होल्टेजला करंटने गुणले की शक्ती निघते : २२५ गुणिले ६.५, म्हणजे सुमारे १,४६२ वॅट. रॉडच्या मुठीवर छापलेले होते १,००० वॅट! खरी हजार वॅटची रॉड २३० व्होल्टवर ४.३५ ॲम्पिअर घेते आणि तिचा रोध ५२.९ ओहम असतो.

येथे आमचीही फजिती झाली. रोध कमी म्हणजे वीज कमी खात असेल, असे आम्ही म्हणून बसलो. नेमके उलटे आहे. घरात येणारा दाब तोच. अडथळा जितका कमी, तितका प्रवाह जास्त आणि तितके वॅट जास्त. हा नियम ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते जर्मनीचे ओहम कुलपे बनवणाऱ्या कारागिराचे पुत्र. त्यांचा ग्रंथ १८२७ साली प्रसिद्ध झाला. पंखा-कूलरला मात्र हा हिशेब जसाच्या तसा लावू नये, मोटारीचे गणित वेगळे असते.

आता युनिट. हजार वॅट एक तास वापरले की एक युनिट. मावशींकडे सकाळी तीन बादल्या, प्रत्येकीला घड्याळ लावून चाळीस मिनिटे, म्हणजे रोजचे दोन तास. महिन्याला सुमारे ८८ युनिट! जुनी रॉड हजाराची धरली तर साठ झाले असते. पण रॉडलाच चोर ठरवून चालणार नाही. वीस लिटर पाणी २० अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला कोणत्याही रॉडने साधारण ०.५८ युनिटच लागते. नवी रॉड ते २५ मिनिटांत करते. सवय मात्र जुन्या रॉडच्या चाळीस मिनिटांची. उरलेली पंधरा मिनिटे पाणी नुसतेच जास्त तापत होते.

खरा धोका दुसरीकडे होता. रॉड लावली होती ६ ॲम्पिअरच्या लहान सॉकेटमध्ये. वायरमनने प्लग काढला तर एक पिन काळी पडलेली. मावशींची नातवंडे त्याच भिंतीला डोके टेकून झोपतात. दुसऱ्याच दिवशी जाड वायर ओढून अर्थिंगसह १६ ॲम्पिअरचे सॉकेट बसवले, आणि ती रॉड बाद केली.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, तेव्हा वीजही त्यांच्याच खात्यात होती. १९४३ साली वीजविषयक धोरण समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांनी स्वस्त आणि मुबलक विजेचा आग्रह धरला. ती वीज घरात आली आहे, तर तिचे माप आपल्या पोरींना घेता आले पाहिजे.

अर्ज आम्ही फाडला नाही, पण दुसरा लिहिला. त्यात रॉडचे ८८ युनिट वजा करून उरलेल्या युनिटांचाच खुलासा मागितला.

टाँग टेस्टर नसेल तर मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा पाहावा. शेजारी एका युनिटला किती लुकलुकी ते छापलेले असते. मावशींच्या मीटरवर ३,२०० आहे. घरातले बाकी सर्व बंद करून फक्त रॉड लावली होती, तेव्हा पोरीने मिनिटाला ७८ मोजल्या. ७८ गुणिले ६०, भागिले ३,२००. उत्तर आले १.४६ किलोवॅट, म्हणजे टाँग टेस्टरच्या हिशेबाइतकेच. मीटर पळत नव्हते.