बाल्कनीतली गणेशवेल

पावसाळ्यात कुंपणावर चढलेली गणेशवेल आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली असेल. शेपूच्या पाल्यासारखी बारीक पाने आणि त्यांतून डोकावणाऱ्या लालबुंद, पाच टोकांच्या चांदण्या. नाव गणेशाचे, म्हणून ही अस्सल आपल्याकडचीच वाटते. पण तिचे मूळ माहेर मेक्सिको आणि आसपासची उष्ण अमेरिका.

तिकडे तिच्या फुलांवर हमिंगबर्ड येतो. हा चिमुकला पक्षी हवेत एका जागी तरंगत लांब चोचीने मध पितो. फूल नळीसारखे आणि लाल आहे ते त्याच्याचसाठी. लाल रंग पक्ष्याला लांबून दिसतो, मधमाशीला फारसा दिसत नाही. हमिंगबर्ड अमेरिकेबाहेर कुठेच नाही. गावी जास्वंदीवर येतो तो शिंजीर, म्हणजे सूर्यपक्षी. त्याचे कूळ निराळे, आवड मात्र तीच.

मग बहारीनमध्ये ही वेल कशाला लावायची? एक तर पक्षी आला नाही म्हणून तिचे अडत नाही. तिच्या फुलात आपोआप परागीभवन होऊन बी धरते. दुसरे कारण आपल्या सोयीचे. जुलै-ऑगस्टमध्ये आपण सुट्टीवर गेलो की बंद फ्लॅटच्या बाल्कनीतली झाडे उन्हाने करपतात. गणेशवेल वर्षायू आहे. आपण विमानात बसण्याआधीच तिचा संसार आटोपलेला असतो आणि बी पाकिटात असते.

फक्त वेळापत्रक बदलावे लागते. भाद्रपदात इथे पारा चाळिशीच्या आसपास असतो, तेव्हा लावण्याची घाई नको. आम्ही ऑक्टोबरच्या सुरुवातीला लावतो. बी कडक असते, म्हणून रात्रभर कोमट पाण्यात भिजवावे. बारा इंची कुंडीत तीन बिया अर्धा इंच खोल पेराव्यात. बाहेरची वाळू खारट असते, तेव्हा माती बुदैया रस्त्यावरच्या नर्सरीतून आणलेली बरी. कुंडीला खाली भोके हवीतच. मातीवर पांढरा थर दिसू लागला तर तो क्षार समजावा आणि एकदा भरपूर पाणी घालून तो धुऊन काढावा. ग्रिलला सुतळ्या बांधून द्याव्यात आणि ऊन भरपूर मिळू द्यावे. खत बेताने, नाहीतर नुसती पानेच वाढतात.

दोनेक महिन्यांत फुले येतात. सकाळी उमलतात, दुपारपर्यंत मिटतात. भाद्रपदातल्या गणपतीला नाही, तरी थंडी बेताची असली तर माघी गणेश जयंतीला ही फुले वाहता येतात. मुलांना ती सकाळी शाळेच्या बसआधी दाखवावीत. बिया मात्र पोटात गेल्यास अपायकारक असतात, म्हणून लहान मुलांपासून दूर ठेवाव्यात.

बोंडे तपकिरी झाली की बी काढून सुकवावे आणि पाकिटावर वर्ष लिहावे. दरवर्षी आपल्यातली काही कुटुंबे नोकरी संपवून परत जातात. सामान बांधून होते आणि कुंड्या मागे राहतात. त्या कुंड्यांबरोबर एक पाकीट शेजाऱ्यांना देऊन जावे, म्हणजे वेल इथल्या घरांतून चालू राहील.

मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमाला आम्ही बी घेऊन येणार आहोत. ज्यांना हवे असेल त्यांनी रिकामे पाकीट आणावे.