घासतंय खरं, पण कुठं?

फेंडरची कड आत वळवायचं काम या आठवड्याला कबूल केलं होतं. ते पुढं ढकलतोय. बालाघाटच्या एका वाचकाचं पत्र आलंय आणि त्याला आजच उत्तर दिलं नाही, तर पुढचा भाग छापून येईपर्यंत ते कड ठोकून मोकळे झालेले असतील. पत्राची शेवटची ओळच तशी आहे : ‘गोंदियातला एक डेंटर दोन तासांत करून देतो म्हणतो. करून घेऊ का?’

थांबा भाऊ. तुमच्या एका तक्रारीत दोन तक्रारी आहेत, आणि डेंटरच्या हातोडीनं त्यातली फार तर एक मिटेल.

गाडी जुनी होंडा सिव्हिक. कॉइलओव्हर टाकून चाळीस मिलिमीटर खाली बसवलेली. कंपनीची १६ इंची चाकं (रुंदी साडेसहा इंच, ऑफसेट म्हणजे चाकाच्या मध्यापासून हबच्या बैठकीचं अंतर ४५ मिलिमीटर) काढून १७ इंची अलॉय लावलेले, रुंदी साडेसात, ऑफसेट ३५. टायर २०५/५५ चे २२५/४५ झाले. पत्रात लिहिलंय की टायर ‘सगळीकडे’ घासतो, पण नीट वाचलं तर ठिकाणं दोनच निघतात. बैहरच्या रस्त्याला गांगुलपाराचा घाट चढताना, स्टिअरिंग भरपूर वळवलं की पुढून खर्रर्र. आणि राजेगाववरून गोंदियाला जाताना ब्रेकरवर मागून धप्प-खर्र. तेही आई-वडील मागच्या सीटवर आणि डिकीत सामान असेल तरच. एकटे असले की त्याच ब्रेकरवर मागून चकार शब्द नाही.

ऑफसेटची वजाबाकी (चाकाच्या निम्म्या रुंदीतून ऑफसेट वजा) गेल्या खेपेला केली होती, तीच इथं लावू. जुन्या चाकाची बाहेरची कड हबच्या बैठकीपासून ३७.५ मिलिमीटर बाहेर होती, नव्याची ६०.२ आहे. म्हणजे चाक पावणेतेवीस मिलिमीटर बाहेर सरकलं. आतल्या बाजूला ते जेमतेम पावणेतीन मिलिमीटरनं वाढलंय, तेव्हा आत स्ट्रटला घासण्याची शक्यता कमी. टायरचा व्यास ६३२ वरून ६३४ वर गेला, तोही इथं गुन्हेगार नाही. सगळा ताण बाहेरच्या बाजूला आहे.

आता पुढचं चाक घ्या. स्टिअरिंग वळवलं की चाक एका तिरप्या अक्षाभोवती फिरतं. चाक बाहेर सरकवलं की टायर त्या अक्षापासून लांब जातो आणि वळताना मोठा कंस काढतो. त्या कंसाच्या टोकाला टायरचा खांदा लायनरच्या, म्हणजे फेंडरच्या आतल्या प्लास्टिक अस्तराच्या, मागच्या कोपऱ्याला, दाराखालच्या पट्टीजवळ, किंवा पुढं बंपरच्या कडेला भिडतो. घाटातल्या वळणात बाहेरच्या चाकावर भार येऊन ते वरही दाबलं जातं. वळण आणि दाब एकत्र आले की खर्रर्र. इथं वरची कड कितीही ठोका, कोपऱ्यातलं घासणं तसंच राहणार.

मागचं चाक वळत नाही, ते फक्त वर-खाली होतं. माणसं बसली की गाडी आणखी खाली येते, ब्रेकरवर उरलेली चालही संपते आणि टायरचा बाहेरचा खांदा फेंडरच्या कडेला जाऊन लागतो. डेंटरचं काम असलंच तर इथं.

हे मी नागपुरात बसून सांगतोय. तुम्ही गाडीखाली बघून खात्री करा. गाडी आपली खूण ठेवते. लायनरचं प्लास्टिक एखाद्या जागी काळं, गुळगुळीत झालं असेल तर ते वळणातलं घासणं. फेंडरच्या आतल्या कडेचा रंग जाऊन पत्र्याची चकचकीत रेघ दिसत असेल, आणि टायरच्या खांद्यावर गोल फिरणारी चीर असेल, तर ते दाबातलं घासणं. टायरच्या आतल्या भिंतीवर गोल झिजलेला पट्टा दिसला तर स्ट्रट किंवा स्प्रिंगची वाटी बघा. खूण पुसट वाटली तर टायरच्या खांद्यावर ओला खडू फासा आणि एक चक्कर मारून या. पांढरं कुठं उमटलं ते बघायचं.

मोकळी जागा मोजायची माझी आवडती रीतही तितकीच स्वस्त आहे. कडेच्या खालच्या बाजूला प्लास्टिसिनचा गोळा घट्ट चिकटवायचा, मागं दोन धडधाकट माणसं बसवायची आणि नेहमीच्या ब्रेकरवरून नेहमीच्या वेगानं जायचं. गोळा चेपून जेवढा जाड उरला तेवढी तुमची जागा. सात-आठ मिलिमीटर उरले तर मी निर्धास्त झोपतो. गोळा सपाट झाला तर उपाय करावाच लागेल. पुढच्या चाकासाठी सपाट जागी एक पुढचं आणि त्याच्या तिरक्या कोपऱ्यातलं मागचं चाक जाड लाकडी ठोकळ्यांवर चढवा, हँडब्रेक लावा, उरलेल्या चाकांना दगड द्या आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीत हात घालायचा नाही, हे दरवेळी सांगतो आणि दरवेळी सांगणार.

ब्रेकरचा विषय निघालाच आहे तर थोडं आडवळण. इंडियन रोड्स काँग्रेसच्या ९९ क्रमांकाच्या संहितेच्या १९८८ च्या आवृत्तीत गतिरोधकाचं माप दिलेलं होतं : ३.७ मीटर लांब, मध्ये १० सेंटिमीटर उंच, १७ मीटर त्रिज्येचा सौम्य फुगवटा, ताशी २५ किलोमीटरनं आरामात ओलांडता येईल असा. सिव्हिकच्या दोन धुरांमधलं अंतर २.७ मीटर. म्हणजे अशा फुगवट्यावर चारही चाकं एकाच वेळी मावतात आणि मधल्या उंचवट्यापायी पोटाखालची जागा फक्त ५.४ सेंटिमीटरनं कमी होते. गावागावांत लोकांनी हौसेनं घातलेला हातभर रुंदीचा डांबरी बांध मात्र तेवढ्याच उंचीचा असला तरी पूर्ण १० सेंटिमीटर खातो, शिवाय चाकाला एका झटक्यात वर फेकतो. मग गाडी खाली बसवतात तरी कशाला? मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या, तेव्हा गाडी खाली बसवण्यात शहाणपण होतं : गुरुत्वमध्य खाली, वळणात गाडी कमी कलते. पण विमानाच्या धावपट्टीवर ब्रेकर नव्हते आणि मागच्या सीटवर कुणाचे आई-वडील नव्हते. तिथली उंची राजेगावच्या रस्त्यावर आणली की टायरनं तक्रार करावी यात नवल नाही.

उपायांचा माझा क्रम ठरलेला आहे. जे परत फिरवता येतं ते आधी, जे कापावं-ठोकावं लागतं ते शेवटी.

पहिलं, लायनरच्या क्लिपा बघा. एक क्लिप तुटून प्लास्टिक आत लोंबतंय, एवढंच कारण कितीदा तरी निघतं. दुसरं, कॉइलओव्हर दहा मिलिमीटर वर घ्या; खालची बॉडी वेगळी फिरत असेल तर तिनंच घ्या, म्हणजे स्प्रिंगवरचा आधीचा ताण बदलत नाही. मग अलाइनमेंट पुन्हा करायचंच. तिसरं, आणि तुमच्यासाठी सगळ्यात कामाचं, टायर. २२५/४५ ऐवजी २१५/४५ घेतला तर व्यास ६२५ वर येतो : वर साडेचार मिलिमीटर आणि दोन्ही बाजूंना साधारण पाच-पाच मिलिमीटर सुटतात. पुढचं आणि मागचं, दोन्ही घासणं एकदम कमी करणारा हा उपाय. पण दुकानात भार निर्देशांक वाचून घ्या. या मापाचा साधा टायर ८७ चा येतो, म्हणजे एका टायरला ५४५ किलो. तुमच्या मूळ टायरचा ९१, म्हणजे ६१५ किलो. भरल्या गाडीनं गोंदिया गाठायचं तर जादा भाराचा, ९१ लिहिलेलाच टायर मागा.

चौथं, मागं थोडा लांब बंप स्टॉप, म्हणजे चाक कडेपर्यंत पोचायच्या आत थांबेल. अति लांब नको. भरली गाडी सतत रबरावर बसली तर ओल्या वळणात मागची पकड अचानक सुटते. पाचवं, मागं थोडा निगेटिव्ह कॅम्बर, म्हणजे चाकाचं डोकं किंचित आत. एवढं करूनही गोळा सपाट झालाच, तर मग कड.

दोन गोष्टी कुणी सुचवल्या तरी करू नका. स्पेसर : तो चाक आणखी बाहेर ढकलेल. आणि कापलेली स्प्रिंग : चाक हवेत लोंबलं की ती वाटीतून सुटू शकते.

पत्रात त्यांनी कायद्याचंही विचारलंय. एमपी ५० ची पाटी घेऊन एमएच ३५ च्या हद्दीत गेलं तरी मोटार वाहन कायदा एकच. कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदल केल्यास मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. गाडी जितकी मूळ उंचीकडे आणि मूळ मापाकडे न्याल तितकं घासणंही कमी आणि ही काळजीही कमी.

तेव्हा डेंटरला नाही म्हणू नका, पंधरा दिवस थांब म्हणा. तोवर मला तीन गोष्टी कळवा : लायनरवरची खूण कुठं आहे, भरल्या गाडीत गोळा किती जाड उरला आणि कॉइलओव्हर वर घ्यायला अजून किती आटे शिल्लक आहेत. पुढच्या भागात रोलर आणि हीट गन नक्की. रंग न तडकता कड कशी वळवायची ते पाहू. तुमचं उत्तर त्याआधी आलं तर कदाचित तुमच्या गाडीला त्याची गरजच पडणार नाही.